‘गिव्ह अप’ आणि ‘सोडून देणे’ : एका इंग्रजी क्रियापदाचा बंगळूरहून केलेला विचार

इंग्रजी भाषेत साध्या, एकाक्षरी धातूपुढे ‘अप’, ‘ऑफ’, ‘इन’, ‘आउट’ असा एखादा निपात ठेवून सर्वस्वी नवा अर्थ निर्माण करण्याची जी रीत आहे, तिने परभाषिकांना फार पूर्वीपासून हैराण केलेले आहे. 1755 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सनने या क्रियापदांचा वेगळा उल्लेख केला आणि परदेशी अभ्यासकाला सर्वाधिक अडचण येते ती येथेच, असे नमूद करून ठेवले. त्यांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव रूढ झाले ते मात्र बरेच उशिरा. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या 1925 सालच्या ‘वर्ड्‌स अँड इडिअम्स’ या ग्रंथाने ते प्रचारात आणले, आणि नाव सुचविण्याचे श्रेय त्यांनी कोशकार हेन्री ब्रॅडली यांना दिले. मराठीत त्याला निपातयुक्त क्रियापद म्हणता येईल. प्रस्तुत लेखात हाच शब्द वापरला आहे.

मराठी विद्यार्थ्याला निपातयुक्त क्रियापद समजावून सांगताना शिक्षक बहुधा आपल्या संयुक्त क्रियापदाचा आधार घेतात. ‘इट अप’ म्हणजे ‘खाऊन टाकणे’, ‘बर्न अप’ म्हणजे ‘जळून जाणे’, ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘सोडून देणे’ अशी समीकरणे फळ्यावर मांडली जातात. धातुसाधित आणि सहायक क्रियापद मिळून एकाच क्रियेचा बोध करून देतात ते संयुक्त क्रियापद, ही शालेय व्याकरणातील व्याख्या या समीकरणाला सोयीची वाटते. इंग्रजीतही दोन पदे मिळून एकच क्रिया सांगतात. साम्य खरे आहे, परंतु ते वरवरचे आहे, आणि ज्या उदाहरणात ते सर्वांत चपखल वाटते त्या ‘गिव्ह अप’मध्येच ते सर्वांत जास्त फसवे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे मत बनण्यास बंगळूरचा रहिवास कारणीभूत झाला. कारण या दोन भाषांमधील फरक ज्या तिसऱ्या भाषेमुळे लख्ख दिसतो ती कन्नड येथे सकाळ-संध्याकाळ कानावर पडते.

प्रथम इंग्रजी क्रियापदाचा अर्थविस्तार पाहू. किल्ला शत्रूच्या स्वाधीन करणे, कैदी अधिकाऱ्यांच्या हवाली करणे, हक्क वा पद सोडणे, गाडीत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपली जागा देणे, तंबाखूचे व्यसन सोडणे, कोडे सुटत नाही म्हणून त्याचा नाद सोडणे, रोग्याची आशा सोडणे, आणि नुसतेच, काही न सांगता, हरणे : एवढ्या सगळ्या ठिकाणी ‘गिव्ह अप’ चालते. 1611 सालच्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात प्राण सोडण्यालाही हेच क्रियापद आहे. जुन्या वापरात ‘दुसऱ्याच्या हाती देणे’ हा अर्थ ठळक आहे, आणि ‘स्वतःपासून दूर करणे’ हा अर्थ त्यातूनच फुटलेला दिसतो. किल्ला देणारा किल्ला गमावतोही. देण्याकडे पाहायचे की गमावण्याकडे, हा दृष्टीचा प्रश्न आहे. पुढे घेणारा मनुष्य वाक्यातून दिसेनासा झाला आणि गमावणे तेवढे उरले. तंबाखू ‘गिव्ह अप’ करणारा ती कोणाला देत नाही. तरी मूळ धातू ‘देणे’ हाच आहे, आणि इंग्रजी बोलणाऱ्याने ‘टु’ हे अव्यय जोडले की घेणारा मनुष्य पुन्हा वाक्यात येऊन उभा राहतो.

जर्मन भाषेतील ‘आउफगेबेन’ हा या क्रियापदाचा सख्खा भाऊ. त्याचाही अर्थ हार मानणे, प्रयत्न सोडणे असा होतो. पण त्याच क्रियापदाने जर्मन मनुष्य टपालात पत्र टाकतो आणि शिक्षक मुलांना घरचा अभ्यास देतो. म्हणजे तेथे देण्याचा अर्थ अजून चांगलाच जिवंत आहे.

एकाच प्रसंगात हे अर्थ कसे शेजारी शेजारी येतात ते पाहायचे तर बंगळूरच्याच इतिहासाकडे वळावे. 1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे नगर जिंकले आणि ते शहाजीराजांकडे आले, तेव्हापासून येथे मराठी बोलली जात आहे. दीडशे वर्षांनी, मार्च 1791 मध्ये, लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने येथील किल्ला टिपू सुलतानाकडून घेतला. पुढल्या वर्षी, मार्च 1792 मध्ये, श्रीरंगपट्टणचा तह झाला. इंग्रज, निजाम आणि पेशवे असे तिघे एका बाजूला होते. मराठी फौजांबरोबर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते. तहान्वये टिपूला निम्मे राज्य द्यावे लागले, तीन कोटी तीस लक्ष रुपये मान्य करावे लागले आणि त्या रकमेची हमी म्हणून आपले दोन मुलगे इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. एखादा इंग्रजी लेखक हे सर्व सांगताना तीन वाक्यांत तीन वेळा ‘गिव्ह अप’ वापरू शकेल : त्याने निम्मे राज्य ‘गेव्ह अप’ केले, दोन मुलगे ‘गेव्ह अप’ केले, तरी तो स्वतः ‘गिव्ह अप’ झाला नाही. इंग्रजी वाचकाला यात काहीही खटकणार नाही. उलट, तिसऱ्या वाक्यात एक प्रकारची खुमारीच वाटेल.

मराठीत या तीन वाक्यांना तीन वेगळी क्रियापदे लागतात, आणि त्यांपैकी एकाही ठिकाणी ‘सोडून देणे’ चालत नाही. मुलूख ‘तोडून दिला’. हा आपल्या जुन्या राजकीय पत्रव्यवहाराचा शब्द आहे, आणि अंगचा तुकडा तुटावा तशी वेदना त्यात आहे. मुलगे ‘ओलीस ठेवले’ किंवा ‘हवाली केले’. येथे ‘मुलगे सोडून दिले’ असे लिहिले तर अर्थ नेमका उलटा होतो, कारण सोडून दिलेला मनुष्य मोकळा होतो. टिपूचे मुलगे खऱ्या अर्थाने ‘सोडून दिले’ गेले ते 1794 साली, आणि ते सोडणारे इंग्रज होते. तिसऱ्या वाक्याला ‘त्याने हार मानली नाही’ किंवा ‘त्याने जिद्द सोडली नाही’ असे काहीतरी लागेल. यातील ‘जिद्द’ हा शब्द मूळ इंग्रजी वाक्यात नाही, तो भाषांतरकाराने पदरचा घातला आहे.

ही पदरची भर हा लहानसा विषय नाही. इंग्रजीत ‘ही गेव्ह अप’ हे पूर्ण वाक्य आहे. मराठीत ‘त्याने सोडले’ हे पूर्ण वाक्य नव्हे. काय सोडले, हे ऐकणारा लगेच विचारील. आशा, धीर, नाद, प्रयत्न, हट्ट, हक्क यांपैकी एक नाव घेतल्यावाचून मराठीत पुढे जाता येत नाही, आणि या प्रत्येकाने माणूस निराळा दिसतो. ‘धीर सोडला’ म्हणणारा त्याला दुबळा ठरवितो, ‘नाद सोडला’ म्हणणारा त्याला शहाणा ठरवितो, ‘हट्ट सोडला’ म्हणणारा आधी तो चुकत होता असे सुचवितो. ज्यांत कर्म सांगावे लागत नाही असे आपले वाक्प्रचार आहेत, पण तेही तटस्थ नाहीत. ‘हात टेकले’ यात थकवा व थोडी चीड आहे. ‘गुडघे टेकले’ यात मानहानी आहे. ‘नमते घेतले’ यात समजूतदारपणाची छटा आहे, आणि ते खरे पाहता ‘गिव्ह इन’च्या अधिक जवळ जाते. ‘पाणी सोडले’ आणि ‘उदक सोडले’ यांचा उगम दानाच्या संकल्पात आहे, म्हणून त्यांत हक्क कायमचा संपल्याची भावना आहे. ‘तिलांजली दिली’ यात सोडलेली गोष्ट मेली असेच गृहीत धरलेले असते. डॉक्टर रोग्याला ‘गिव्ह अप’ करतात तेव्हा आपण ‘डॉक्टरांनी हात टेकले’ म्हणतो, आणि त्यांच्यावर रागावलेले असलो तर ‘हात झटकले’ म्हणतो. इंग्रजी क्रियापद जे मोघम ठेवते त्यावर मराठीला निवाडा द्यावा लागतो. चांगल्या भाषांतरकाराचा अर्धा वेळ अशा निवाड्यांत जातो, आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता ‘सोडून देणे’कडे येऊ. गंमत अशी की ‘देणे’ हा धातू दोन्ही भाषांच्या रचनेत आहे, पण त्याची जागा वेगळी आहे. इंग्रजीत ‘देणे’ हा मुख्य धातू असून त्याला निपाताने वळण दिले आहे. मराठीत मुख्य धातू ‘सोड’ आहे आणि ‘देणे’ साहाय्याला आले आहे. या साहाय्यक ‘दे’चे मराठीत तीन टप्पे दिसतात. ‘आईने मुलीला लुगडे दिले’ येथे ते पूर्ण अर्थाचे क्रियापद आहे. ‘आईने मुलीला पुडीची गाठ सोडून दिली’ येथे गाठ कोणाच्या हाती दिलेली नाही. सोडण्याची क्रिया मुलीसाठी केली, एवढेच ‘दे’ सांगते. ‘लिहून देणे’, ‘करून देणे’, ‘शिवून देणे’ ही सगळी याच जातीची. याला परार्थक ‘दे’ म्हणू. तिसऱ्या टप्प्यावर, ‘त्याने नोकरी सोडून दिली’ या वाक्यात, कोणासाठी हा प्रश्नच उरत नाही. क्रिया पुरती झाली, कर्त्याने ती मनाने संपवली, एवढाच अर्थ ‘दे’ पुरवितो. याला समाप्तिवाचक ‘दे’ म्हणू. ‘नोकरी सोडली’ आणि ‘नोकरी सोडून दिली’ यांत घटना एकच असते, परंतु दुसऱ्या वाक्यात मागे वळून न पाहण्याचा भाव येतो.

परार्थक ‘दे’ आणि समाप्तिवाचक ‘दे’ एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की ते दोन आहेत हे पटविण्यासाठी एखादी कसोटी हवी. ती नकारात सापडते. ‘त्याने नोकरी सोडून दिली’ याचा सरळ नकार ‘त्याने नोकरी सोडली नाही’ असा होतो. ‘त्याने नोकरी सोडून दिली नाही’ हे वाक्य व्याकरणाने अशुद्ध नाही, पण मराठी कानाला ते कोणाच्या तरी विधानाचे खंडन केल्यासारखे वाटते : सोडून दिली नाही, काढून टाकले त्याला. जी क्रिया घडलीच नाही तिच्या समाप्तीबद्दल वेगळे सांगण्याजोगे काही नसते, म्हणून नकार येताच समाप्तिवाचक ‘दे’ आपण होऊन गळते. आता दुसरे वाक्य घेऊ : ‘किती वेळा सांगितले, पण तिने मला गाठ सोडून दिली नाही.’ येथे ‘सोडून दिली नाही’ हीच शब्दांची रांग बिनदिक्कत उभी राहते. कारण येथे नाकारली आहे ती मदत, आणि ती सांगणारा ‘दे’ काढून टाकला तर वाक्यातला माणूसच निघून जाईल. त्याच तीन शब्दांना एका ठिकाणी नकार पेलतो आणि दुसऱ्या ठिकाणी पेलत नाही, यावरून ‘दे’ दोन आहेत हे सिद्ध होते. अर्थात या कसोटीला मर्यादा आहेत. निषेधार्थी आज्ञेत (‘शिक्षण सोडून देऊ नकोस’) आणि संकेतार्थात (‘नोकरी सोडून दिली नसती तर’) समाप्तिवाचक ‘दे’ टिकते. साध्या भूतकाळी विधानात मात्र कसोटी भरवशाची आहे. हिंदीतील संयुक्त क्रियापदांवरील आपल्या 1974 सालच्या ग्रंथात पीटर हूक यांनी नकाराच्या अशाच वागणुकीकडे लक्ष वेधले होते. कॉलिन मॅसिका यांनी 1976 साली भारतीय भाषाक्षेत्राची लक्षणे मांडताना या क्रियापदांना मोठे स्थान दिले.

हीच कसोटी इंग्रजीला लावली की शाळेतले समीकरण कोसळते. ‘ही डिड नॉट गिव्ह अप’ हे अगदी साधे, रोजचे वाक्य आहे. त्यातला ‘अप’ काढला तर ‘त्याने दिले नाही’ असा भलताच अर्थ उरतो. निपात येथे समाप्ती दाखवीत नाही, तो धातूच्या अर्थाचा अवयव झाला आहे. ‘इट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘बर्न अप’ यांची गोष्ट निराळी. तेथे ‘अप’ समाप्तिवाचक आहे, तो गळला तरी खाणे खाणेच राहते आणि पिणे पिणेच राहते. म्हणजे ‘खाऊन टाकणे’ हे समीकरण बऱ्यापैकी टिकते आणि ‘सोडून देणे’ हे टिकत नाही. निपातयुक्त क्रियापदांची एकच यादी करून तिच्यापुढे संयुक्त क्रियापदांची एकच यादी ठेवण्यात काय धोका आहे ते येथे दिसते.

रचनेतही फरक आहे. इंग्रजीत कर्म दोन पदांच्या मध्ये शिरू शकते, आणि ते सर्वनाम असेल तर त्याला मध्येच बसावे लागते. ‘किल्ला’ हा शब्द ‘अप’च्या आधी किंवा नंतर चालेल, पण ‘तो’ केवळ आधी चालेल. मराठीत ‘सोडून’ आणि ‘दिली’ यांच्यामध्ये ‘तर’, ‘पण’, ‘सुद्धा’ असे छोटे पाहुणे तेवढे बसू शकतात : ‘सोडून तर दिली, आता खाणार काय?’

कन्नड भाषेकडे वळण्याआधी बंगळूरच्या शहरी बसमधला एक नित्याचा प्रसंग सांगतो. म्हातारी बाई चढते, कोणीतरी तरुणाला म्हणतो, ‘सीटु बिट्टुकोडि.’ शब्दशः ‘जागा सोडून द्या’. इंग्रजी बोलणारा येथे बिनचूक ‘गिव्ह अप’ वापरील. मराठी मनुष्य मात्र ‘जागा द्या’ किंवा ‘त्यांना बसू द्या’ असे म्हणेल. ‘जागा सोडून द्या’ म्हटले तर त्या जागेवर बसण्याचा हट्ट वा दावा सोडा असा काहीसा अर्थ होईल, आणि म्हातारी उभीच राहील की काय अशी शंका येईल. शब्दांची जोडी एकच, ‘सोडणे’ आणि ‘देणे’, तरी अर्थ जुळत नाही.

याचे कारण कन्नड भाषेतील कामाच्या वाटणीत आहे. कन्नडमध्ये ‘कोडु’ म्हणजे देणे, आणि साहाय्यक म्हणून ते जवळजवळ सर्वत्र परार्थक राहिलेले आहे : ‘माडिकोडु’ म्हणजे (दुसऱ्यासाठी) करून देणे, ‘बरेदुकोडु’ म्हणजे लिहून देणे. समाप्ती दाखविण्याचे काम ते करीत नाही. ते काम ‘बिडु’ म्हणजे ‘सोडणे’ या धातूकडे आहे : ‘माडिबिडु’ म्हणजे करून टाकणे. म्हणून ‘सोडणे’ याच धातूपासून कन्नडमध्ये दोन वेगळी संयुक्त क्रियापदे होतात. ‘बिट्टुकोडु’ म्हणजे दुसऱ्याला मिळावे म्हणून आपले सोडणे. ‘बिट्टुबिडु’ म्हणजे सोडून देणे, नाद सोडणे, टाकून देणे. तंबाखू ‘बिट्टुबिट्ट’ आणि जागा ‘बिट्टुकोट्ट’. यात घोटाळा होत नाही. तमिळमध्येही ‘विट्टुक्कोडु’ हे क्रियापद थेट याच घडणीचे आणि याच अर्थाचे आहे. मराठीत मात्र दोन्ही कामे एकट्या ‘दे’वर पडलेली आहेत, आणि ‘टाक’ त्याला थोडाफार हातभार लावते.

‘बिट्टुबिडु’मध्ये ‘बिडु’ स्वतःलाच साहाय्य करते, हेही लक्षात घ्यावे. साहाय्यक धातू मूळ अर्थापासून पुरता रिकामा झाल्याशिवाय असे होत नाही. हिंदीतील ‘दे देना’ हा तसाच प्रकार. प्रमाण मराठीत मात्र ‘देऊन देणे’ रूढ नाही, आपण ‘देऊन टाकतो’. मराठीचा साहाय्यक ‘दे’ समाप्तीकडे वळला खरा, पण देण्याची आठवण त्याने पुरती पुसून टाकलेली नाही, असा निष्कर्ष यातून काढता येतो.

नकाराची कसोटी कन्नडलाही लावून पाहावी. ‘बिट्टुबिट्ट’ याचा स्वाभाविक नकार ‘बिडलिल्ल’ हा आहे, साहाय्यक धातू सहसा गळतो. ‘बिट्टुकोट्ट’ याचा नकार ‘बिट्टुकोडलिल्ल’, आणि तो रोजच्या बोलण्यात सतत ऐकू येतो. तेव्हा ‘गिव्ह अप’ची जी बाजू स्वाधीन करण्याची, वाट देण्याची, हक्क सोडण्याची आहे तिच्याशी ‘बिट्टुकोडु’ अर्थाने आणि नकारातील वागणुकीने, दोन्ही प्रकारे, जुळते. व्यसन सोडण्याच्या बाजूला ‘बिट्टुबिडु’ आहे. इंग्रजीने एका शब्दात कोंबलेल्या दोन खोल्या कन्नडमध्ये भिंत घालून वेगळ्या केलेल्या आहेत. प्रस्तुत लेखकाला तर इंग्रजी क्रियापदाचा अंतर्भाग प्रथम दिसला तो या कन्नड भिंतीमुळे.

कन्नड व मराठी या दोन भाषांची वाक्यरचना किती जवळची होऊ शकते हे जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाच्या अभ्यासातून 1971 साली दाखवून दिले. तेथे शेकडो वर्षे शेजारी नांदलेल्या कन्नड, मराठी आणि उर्दू या बोलींतील वाक्ये जवळपास पदास पद ठेवून एकमेकींत बदलता येतात, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष मोठा आहे. पण पदास पद बसते म्हणून अर्थास अर्थ बसेलच असे नाही. ‘बिट्टु’ला ‘सोडून’ आणि ‘कोडु’ला ‘देणे’ हे पदास पद नेमके बसते, आणि तेथेच भाषांतरकार निर्धास्त होतो. परकी वाटणारी रचना आपल्याला सावध करते. ओळखीची रचना करीत नाही.

या साऱ्या चिकित्सेचा भारतीय साहित्याच्या अभ्यासकाशी थेट संबंध येतो तो इंग्रजीमार्गे होणाऱ्या भाषांतरांत. कन्नड कथा-कादंबऱ्या मराठीत आणणारे उमा कुलकर्णी यांच्यासारखे अनुवादक मूळ कन्नडवरून काम करतात, हे मराठीचे भाग्य आहे. 1989 सालचा साहित्य अकादेमीचा अनुवाद पुरस्कार त्यांच्या ‘वंशवृक्ष’ला मिळाला. सर्वच भाषांच्या जोड्यांना असे अनुवादक लाभत नाहीत. अनेक भारतीय पुस्तके दुसऱ्या भारतीय भाषेत जातात ती इंग्रजी प्रतीवरून. समजा, एका कन्नड कथेत वाक्य आहे : ‘अण्ण होल बिट्टुकोट्ट.’ थोरल्या भावाने शेत सोडले ते कोणासाठी, हे वाक्यात शब्दाने सांगितलेले नाही. पण ‘कोडु’ आहे म्हणून कन्नड वाचकाला ते कळतेच. शेत धाकट्याला मिळावे म्हणून थोरल्याने आपला वाटा सोडला, वाद मिटवला, मोठेपणा दाखवला. इंग्रजी भाषांतरकार लिहितो की थोरल्या भावाने शेत ‘गेव्ह अप’ केले. त्याची चूक म्हणता येणार नाही, त्या क्रियापदात हा अर्थ बसतो. पण ‘टु’ न जोडल्यामुळे घेणारा पुसट झाला. मग ही इंग्रजी प्रत मराठी भाषांतरकाराच्या हाती येते. शाळेत पाठ केलेले समीकरण त्याच्या मदतीला धावते आणि तो लिहितो : ‘थोरल्या भावाने शेत सोडून दिले.’ आता मराठी वाचकाला काय दिसते? कसण्याचा कंटाळा आलेला, जमीन पडीक टाकून निघून गेलेला मनुष्य. कथेतला त्यागी पुरुष दोन पायऱ्यांत नाकर्ता ठरला, आणि वाटेत कोणीही कोशाबाहेर पाऊल टाकलेले नाही.

मराठी वाक्यात ‘धाकट्याला’ एवढे एक पद घातले असते, ‘धाकट्याला शेत सोडून दिले’ असे लिहिले असते, तर परार्थक ‘दे’ जागे झाले असते आणि अर्थ बराचसा सावरला असता. मराठीत ‘सोडून देणे’चा कोणता अर्थ घ्यायचा हे बहुतेक वेळा अशा चतुर्थीच्या पदावर ठरते. कन्नडमध्ये तो भार क्रियापद उचलते, इंग्रजीत ‘टु’ उचलतो, तोही वाटले तर. इंग्रजी प्रतीवरून काम करणाऱ्या मराठी अनुवादकाने ‘गिव्ह अप’ दिसताच पहिला प्रश्न ‘काय सोडले’ हा न विचारता ‘कोणासाठी सोडले’ हा विचारावा, अशी सूचना करावीशी वाटते. उत्तर ‘कोणासाठी नाही’ असे आले तरच ‘सोडून देणे’कडे जावे.

कर्म मनुष्य असेल तर पेच आणखी नाजूक होतो. कन्नडमध्ये ‘तंगियन्नु बिट्टुकोडलिल्ल’ म्हटले तर बहिणीची बाजू चारचौघांत खाली पडू दिली नाही, तिला उघडे पाडले नाही, असा अर्थ होतो. सासरच्या माणसांपुढे माहेर ‘बिट्टुकोडु’ न करणाऱ्या स्त्रिया येथल्या घरोघरी आहेत. इंग्रजीतील ‘गिव्ह अप’ येथपर्यंत पोहोचत नाही, तेथे ‘लेट डाउन’ असे दुसरेच निपातयुक्त क्रियापद लागते. मराठीत ‘बहिणीला सोडून दिले नाही’ हे वाक्य तर पोलिसांच्या तोंडी शोभेल. पण आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे : ‘अंतर देणे’. ‘त्याने बहिणीला अंतर दिले नाही.’ त्यात सोडणे नाही, पण देणे आहे, आणि नकारातच तो जास्त वापरला जातो. माहेराबद्दल बोलायचे तर ‘माहेराला कमीपणा येऊ दिला नाही’ असे म्हणावे लागेल, आणि त्यातही एक ‘देणे’ येतेच.

शिकविण्याविषयी थोडेसे. बंगळूरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेशी निगडित असा एक प्रयोग 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतील काही शाळांत झाला. एन. एस. प्रभू यांनी चालविलेला हा प्रयोग ‘बंगलोर प्रकल्प’ या नावाने जगभर ओळखला जातो, आणि 1987 सालच्या ‘सेकंड लँग्वेज पेडगॉजी’ या ग्रंथात त्यांनी तो मांडला आहे. विद्यार्थ्याचे लक्ष अर्थाकडे गुंतले असता रचना त्याच्या मनात नकळत घडते, म्हणून रचनांच्या याद्या पुढे न ठेवता सोडविण्याजोगे प्रश्न ठेवावेत, असे त्याचे सूत्र होते. या सूत्राबद्दल मतभेद आहेत, आणि प्रौढ भाषांतरकाराला उघड विश्लेषणाची गरज असतेच. तरी निपातयुक्त क्रियापदांपुरते तरी याद्यांविषयीचा त्यांचा अविश्वास योग्य वाटतो. ‘गिव्ह अप म्हणजे सोडून देणे’ हे पाठ केलेल्या मुलापेक्षा, गाडीतली जागा, तहातला मुलूख आणि सुटलेले व्यसन या तीन प्रसंगांत तो शब्द भेटलेला मूल त्याचा अर्थ अधिक नेमका जाणते.

बंगळूरहून दीडशे किलोमीटरांच्या आत श्रवणबेळगोळ आहे. गोमटेश्वराच्या पायांशी चामुंडरायाने मूर्ती करविल्याचे जे लेख आहेत त्यांत एकच क्रिया तीन भाषांत सांगितली आहे : कन्नडमध्ये ‘माडिसिदं’, तमिळमध्ये ‘सेय्वित्तान्’, मराठीत ‘करवियलें’. स्वतः केले नाही, दुसऱ्याकडून करविले, हा अर्थ तिन्ही भाषा एका शब्दात, प्रत्ययाने, सांगतात. तेथे पदास पद आणि अर्थास अर्थ दोन्ही बसतात. इंग्रजीला तेवढ्यासाठी तीन-चार शब्द लागतात आणि त्या शब्दांवरून परत मराठीत येणारा ‘बनवून घेतले’ असे काही लिहून मोकळा होईल. ‘करवियलें’ आणि ‘बनवून घेतले’ यांतही कोणासाठी हा प्रश्न आहेच. ‘घेतले’ म्हणताच मूर्ती चामुंडरायाची स्वतःची होऊन बसते. लेखातल्या क्रियापदाने तसे काहीही म्हटलेले नाही.